मिस्त्रीची पिशवी

“पिशवी ठेवून जातोय, सर. हत्यारं हितं हाईत म्हटल्यावर मी कुठं जातोय?”

असं म्हणून महादेव सुतारानं आपली किंतानाची जड पिशवी पॅसेजच्या कोपऱ्यात टेकवली, अंगावरची धूळ झटकली आणि चपला घालायला लागला. सकाळपर्यंत जिथं आमच्या बाथरूमचं दार होतं, तिथं आता भिंतीत मोठं भोक होतं. चौकट निघाली होती, तिच्या एका बाजूच्या विटाही निघाल्या होत्या. दार खालून कुजलेलं होतं, ते उचलताना मधोमध मोडलं आणि त्याचे तुकडे अंगणात नेऊन टाकले होते. बाहेरच्या खोलीतून पाहिलं तरी आतला नळ, बादली, फरशा सगळं उघडं दिसत होतं.

“उद्या नक्की ना?” मी विचारलं.

“लाकूड वखारीत कापून ठेवलंय. चौकट जोडतो, आणतो, बसवतो. बाई कधी येणार म्हणालात?”

“सोमवारी.”

“आज मंगळवार. मग काय, लई टाइम हाय की!”

तो गेला. मी पिशवीकडं पाहिलं. करवतीचं टोक बाहेर आलेलं, रंध्याची मूठ दिसत होती. ज्याच्यावर पोट चालतं ती वस्तू माणूस माझ्या घरी ठेवून गेला, म्हणजे तो येणारच. मला बरं वाटलं. सगळ्या व्यवहारात एक तरी गोष्ट मला जमली, असं वाटलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. शरयूला, माझ्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला होता आणि ती मिरजेच्या एका रुग्णालयात होती. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं पूर्ण थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, “घरी न्यायला हरकत नाही, पण व्हीलचेअर सरळ बाथरूममध्ये गेली पाहिजे. दार रुंद करून घ्या.” त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं, की मीही सहज मान हलवली.

खरं म्हणजे मी आयुष्यात एकदाही कामगार ठरवला नव्हता. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. सांगलीतला हा तळमजल्याचा फ्लॅट घेतल्यापासून गवंडी, प्लंबर, रंगारी सगळे शरयूच्या ताब्यात असायचे. कुणी कामाला आलं, की मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायचो. बाहेरून तिचा आवाज यायचा, “उद्या म्हणजे कधीचा उद्या? तारीख सांगा!” आणि मला आत बसून त्या माणसाची दया यायची.

म्हणून मी वखारीत गेलो तेव्हा काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो. “एखादा विश्वासू सुतार मिळेल का?” असं विचारलं. तिथले सगळे हसले.

“सुतार देतो, सर,” वखारवाला म्हणाला. “विश्वासाचं तुमचं तुम्ही बघा.” आणि त्यानं महादेवला हाक मारली.

बुधवारी महादेव आला नाही. दुपारी फोन केला, तर फोन बंद. संध्याकाळी शेजारचे पाटसकर आले. ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी समोरचा माणूस फुकट प्रवास करतोय, अशाच नजरेनं बघायचे. भोकापुढं उभं राहून त्यांनी आत वाकून पाहिलं.

“वा! चौकट काढली, पिशवी टाकली आणि पसार. बोडस, गाडी लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, बघितलंय का कधी?”

“हो.”

“ही पिशवी म्हणजे तो रुमाल. त्यानं तुमच्या घरात जागा धरलीय. आता तो चार गावं फिरून येणार आणि तुम्ही त्याची जागा सांभाळत बसणार.”

“त्याला काही अडचण असेल.”

“अडचण तुम्हाला आहे. वहिनींना काय बादलीभर पाणी घेऊन अंगणात बसवणार?”

ते त्यांनी रागानं म्हटलं होतं, पण मला ते डोळ्यांसमोर दिसलं आणि रात्रभर दिसत राहिलं.

गुरुवारी पाटसकरांनीच दुसरा मिस्त्री आणला. इलाही मिस्त्री, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. त्यांनी भोक मापलं, विटांवरून हात फिरवला. “होतंय की. एका दिवसाचं काम,” ते म्हणाले, तेव्हा माझे डोळे भरून आले. मी पाणी आणायला वळलो. परत येतो तर इलाही मिस्त्री कोपऱ्यातल्या पिशवीकडं बघत उभे.

“ही कुणाची?”

“महादेव सुताराची. तो मंगळवारी ठेवून गेला. आलाच नाही.”

“मग मला कशाला बोलावलं?”

“तो येत नाही म्हणून.”

“हत्यारं हाईत नव्हं त्याची? मग काम त्याचं.” त्यांनी टेप खिशात टाकली. “एकाची हत्यारं घरात असताना दुसऱ्यानं पटाशी लावायची न्हाई. आमच्यात कुणीच लावत न्हाई, सर. सगळी सांगली फिरा.”

“मी ती बाहेर अंगणात ठेवतो,” म्हणत मी पुढं झालो.

“अहो, हात नका लावू! तशी न्हाई सुटत.” ते जरा नरम झाले. “तुम्ही स्वतः त्याच्या घरी न्यायची. त्याच्या हातात द्यायची आणि त्याच्या तोंडावर सांगायचं, बाबा, तुझं काम सुटलं. मग मला फोन करा. रविवारी येतो, संध्याकाळपतोर चौकट उभी करतो.”

“पण तो घरी तरी सापडेल का?”

“शनिवारी सापडंल. अमावस्या हाय. अमावस्येला सुतार हत्यार उचलत न्हाई.”

ते गेल्यावर पाटसकर म्हणाले, “मग काय, सोपं आहे. जायचं, पिशवी आपटायची, चार शिव्या घालायच्या, यायचं.”

माणसाला तोंडावर ‘तुझं काम सुटलं’ म्हणायचं! तीस वर्षांत उशिरा पुस्तक आणणाऱ्या पोराला दंड सांगतानासुद्धा माझी नजर टेबलावर असायची.

संध्याकाळी आमच्या मुलीचा, वैजूचा, बडोद्याहून फोन आला.

“बाबा, दार झालं?”

“होतंय.”

“होतंय म्हणजे?”

“चौकट काढलीय.”

“आणि बसवलीय का?”

मी भिंतीतल्या भोकाकडं पाहिलं.

“बाबा, मी रविवारी मिरजेला पोचते. सोमवारी बाथरूम तयार नसेल, तर मी रुग्णवाहिका करून आईला थेट इकडं आणणार. इथं सगळं आहे. बाई ठेवता येईल, लिफ्ट आहे.”

“तिला तिचं घर…”

“बाबा.” तिचा आवाज एकदम हळू झाला. “डॉक्टरांशी मी बोलले. आईला किती कळतंय ते त्यांनाही सांगता येत नाही. ती मला ओळखत नाही, तुम्हाला ओळखते का तेही माहीत नाही. तिला आता सांगली काय आणि बडोदा काय.”

“तिला घर कळेल,” मी म्हणालो.

“कशावरून?”

मला एवढंच माहीत होतं, की एकदा ती बडोद्याला गेली, की परत येणार नाही. मग मीही हे घर बंद करून जाईन आणि लेकीच्या दिवाणखान्यात दोन पाहुणे म्हणून आम्ही उरलेले दिवस काढू. पण हे तिच्यासाठी की माझ्यासाठी? फोन ठेवल्यावर मी पलंगावर बसून राहिलो. ती बोलू शकत नाही, म्हणून मी तिच्या वतीनं माझ्याच सोयीचं बोलत नाही ना? जन्मभर मी प्रत्येक गोष्टीला दोन बाजू काढत आलो, पण इतकी वाईट दुसरी बाजू कधी निघाली नव्हती.

शुक्रवारी रुग्णालयात मी तिला रोजच्यासारखा पेपर वाचून दाखवला. ती छताकडं बघत होती. “शरयू, तुला घरी यायचंय ना?” मी विचारलं. तिनं डोळे मिटले. त्याचा अर्थ हो असेल, नाही असेल, किंवा फक्त झोप असेल.

शनिवारी मी रिक्षात पिशवी ठेवली. ती मांडीवर मावेना, म्हणून पायांत धरली. कुपवाडला पोचेपर्यंत मी मनात वाक्य घोळवत होतो. महादेवराव, माझा नाइलाज आहे. नाही, हे फार मऊ झालं. महादेव, तुमचं काम सुटलं. हे फार कोरडं. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, “काही म्हणालात का, काका?”

महादेवचं घर पत्र्याचं होतं. दारात त्याची बायको तांदूळ निवडत होती. पिशवी बघितल्याबरोबर तिनं सूप खाली ठेवलं.

“आहेत का घरात?”

“मागं हाईत.” ती हळूच म्हणाली, “जेवत न्हाईत नीट, सर. कायतरी बोला त्यास्नी.”

मी काय बोलायला आलो होतो ते तिला ठाऊक असतं तर! मी पिशवी ओढत मागं गेलो. पडवीत महादेव खाटेवर बसला होता. भिंतीला एक नवी चौकट उभी होती. ती पाहिल्यावर माझ्यासारख्या माणसालाही कळलं. एक खांब सरळ होता आणि दुसरा पिळलेल्या टॉवेलसारखा अंगात फिरला होता.

मला बघून तो उठला नाही. त्यानं मान खाली घातली.

“वखारवाल्यानं ओलं लाकूड दिलं, सर. मलाबी कळाय पायजे होतं. मंगळवारी वखारीतल्याच हत्यारांनी जोडून घरी आणली, बुधवारी सकाळी बघतोय तर हे असं. हे बसवलं असतं तर दार लागलं नसतं.”

“मग फोन…”

“काय सांगू फोनवर? तुमचं घर उघडं टाकून आलो. बाई आजारी. आज सांगतो, उद्या सांगतो म्हणत बंद करून ठेवला.” तो चौकटीकडं बघत होता. “त्यात तुम्ही बोलणारं माणूस न्हाई. शिव्या घालणारा असता तर कवाच आलो असतो. चार ऐकून घेतल्या असत्या, झालं असतं. तुमच्याफुडं काय करायचं?”

मी त्याच्या शेजारी बसलो. तोंडपाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये होती. ती त्याच्याकडं सरकवायची आणि तीन शब्द बोलायचे, एवढंच. मग इलाही मिस्त्री येणार होते.

“आता काय करता येईल?” माझ्या तोंडून निघालं.

“जुनं लाकूड पायजे. मुरलेलं, सागाचं. त्याला पीळ बसत न्हाई. पण उद्याच्याला कुठनं आणू? वखारी आज बंद, उद्या रविवार.”

“कपाटाचं चालेल?”

“कसलं कपाट?”

“पुस्तकांचं. सागाचं आहे. आमच्या लग्नानंतर लगेच केलेलं. खांब मनगटापेक्षा जाड आहेत.” मी बोलत होतो आणि माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता. “दोन दारं आहेत त्याला. अख्ख्या फळीची.”

महादेवनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. “पुस्तकं काय करणार, सर?”

“ठेवू कुठंतरी.”

“परत तसं व्हायचं न्हाई ते. एकदा सोडवलं की सोडवलं.”

“माहीत आहे,” मी म्हणालो. “सोमवारी ती यायची आहे.”

तो माझ्याबरोबर त्याच रिक्षातून आला, पिशवीसकट. कपाटापुढं उभा राहून त्यानं खांबांवर बोटानं टकटक केली, दारं उघडझाप करून पाहिली. “असलं लाकूड आता बघायला मिळत न्हाई,” एवढंच म्हणाला. मग हात पुसून म्हणाला, “आज हत्याराला हात लावणार न्हाई. पुस्तकांना लावतो. चालंल?”

आम्ही दोघांनी कपाट रिकामं केलं. तो ओंजळीत घेऊन यायचा, मी पलंगाखाली लावायचो. प्रत्येक कप्प्यातून कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि डांबरगोळ्या निघत होत्या. त्या शरयूच्या. दर शनिवारी ती हे कपाट उघडून फडक्यानं पुसायची. “मला वाचायला वेळ नाही,” म्हणायची, “पण वाळवीलाही वाचू देणार नाही.” एका दाराची पितळी मूठ कधीतरी हरवली, तेव्हा तिनं माझी वाट न बघता शिलाईच्या दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ स्क्रूनं तिथं बसवलं होतं. डाव्या दाराला रीळ, उजव्याला पितळ. मी आलेल्यांपुढं ते झाकायला बघायचो. ती मुद्दाम दाखवायची.

रविवारी उजाडताच महादेव आला. कपाटाचा पहिला सांधा त्यानं सोडवला, तेव्हा लाकूड असं कण्हलं की मी स्वयंपाकघरात निघून गेलो. पाटसकर दारात आले आणि ओरडले, “बोडस! अहो, हे काय? त्याला हाकलायला गेलात आणि कपाट देऊन आलात?”

“हो.”

“धन्य आहात!” ते म्हणाले, पण मग बाही सारून सिमेंट कालवायला बसले.

दुपारनंतर एक खांब आखूड पडतोय असं दिसलं. महादेव घामाघूम होऊन दोनदोनदा मापत होता. मी तिथं उभा राहून त्याच्या चेहऱ्याकडं बघत होतो आणि वैजूला फोनवर काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. शेवटी त्यानं कपाटाच्या वरच्या आडव्या फळीतून एक तुकडा काढून जोड दिला आणि चौकट उभी राहिली. मग त्यानं कपाटाची दोन्ही दारं तिला लावली. बाहेरच्या बाजूला उघडणारी, खुर्ची सरळ आत जाईल अशी.

“हे रीळ काढून टाकतो,” तो म्हणाला. “दुसरी मूठ लावू. बरं दिसंना.”

“राहू द्या.”

“वैजूताई हसतील.”

“हसू दे.”

सोमवारी सकाळी रुग्णवाहिका फाटकात आली. महादेव बिजागऱ्यांचे शेवटचे स्क्रू आवळून पिशवी भरत होता. वैजू व्हीलचेअर ढकलत आत आली, प्रवासानं उतरलेली. शरयूची मान एका बाजूला कलली होती. मी पुढं होऊन म्हणालो, “आलीस का?” तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. खुर्ची बैठकीतून गेली. भिंतीवरचं घड्याळ, तिचं शिलाईचं मशीन, देव्हारा, सगळ्यांवरून तिची नजर गेली, बसमधून अनोळखी गावावरून जावी तशी.

वैजू थांबली. “बघितलंत ना, बाबा,” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवेना. “मी संध्याकाळी बडोद्याला जायला रुग्णवाहिकेचं विचारून ठेवलंय.”

“एकदा बाथरूम बघून घे,” मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

खुर्ची पॅसेजमध्ये वळली. वैजूनं दारं पाहिली आणि ती जागच्या जागी उभी राहिली. “बाबा… हे तुमचं कपाट?”

मी उत्तर देणार तेवढ्यात शरयूचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. हवेत जरा चाचपडला आणि रिळावर जाऊन बसला. तिनं ओढलं. दार सहज उघडलं. दर शनिवारी उघडायचं तसंच.

आत नळ होता. बादली होती. धुतलेल्या फरशा होत्या.

ती किती तरी वेळ आत बघत राहिली. मग तिनं मान वळवली, फार कष्टानं, आणि माझ्याकडं पाहिलं. सरळ माझ्याकडं. ओठ हलायला लागले. वैजूनं माझा दंड धरला.

“पु…” ती म्हणाली. थांबली. पुन्हा जोर केला. “पुस्तकं?”

मी वाकून म्हणालो, “पलंगाखाली. सगळी आहेत. एकही टाकलं नाही.”

तिच्या कपाळावर आठी पडली.

“वाळवी,” ती म्हणाली. अगदी स्पष्ट.

वैजूनं तोंडावर पदर दाबला. मग नाक ओढत तिनं विचारलं, “बाबा, आईची औषधं कुठल्या कप्प्यात ठेवू?”

महादेव खांद्यावर पिशवी घेऊन निघायच्या तयारीत होता. तो भिंतीशी अंग चोरून उभा होता. त्यानं पिशवी हळूच खांद्यावरून उतरवली आणि परत त्याच कोपऱ्यात टेकवली.

“बाई,” तो म्हणाला, “पुस्तकांना नवं कपाट करतो. उद्यापासनं लागतो.”

शरयूनं त्याच्याकडं मान वळवली. तिची डावी भुवई वर गेली.

“उद्या?”